विकणे आहे

(द्वितीय वर्ष, कला)

'विकणे आहे' हे शब्द मी प्रथम वाचले ते आमच्या गावच्या पिठाच्या गिरणीच्या भिंतीवर. कुणीतरी खडूने लिहिले होते, 'दुभती म्हैस विकणे आहे.' तेव्हा मी दुसरीत होते. त्यानंतर कडबा, जुनी सायकल, उसाचे बेणे, लोखंडी पलंग अशा कितीतरी वस्तूंच्या मागे हे शब्द पाहिले. विकणाऱ्याला पैशाची नड असते, घेणाऱ्याला वस्तूची. म्हैस दावणीतून सुटते आणि दुसऱ्या दावणीला जाते. यात खिन्न होण्यासारखे काही नाही. पण गेली काही वर्षे वाईहून धोमकडे जाणाऱ्या रस्त्याने एस.टी.तून जाता-येता हेच शब्द जमिनीच्या कडेला दिसू लागले आहेत. म्हैस विकली की म्हैस जाते आणि गोठा राहतो. जमीन विकली की जमीन जागची हलत नाही. हलतात ती तिच्यावरची माणसे.

यंदा असा एक फलक आमच्या दाराशी लागला. 'आमच्या दाराशी' असे म्हणताना जरा थांबावे लागते, कारण दार आमचे असले तरी जागा आमची नाही. कृष्णेच्या काठी ६ एकर १८ गुंठ्यांचा एक मळा आहे. वरच्या अंगाला कौलारू बंगला, त्याच्या मागे आमराई, खाली नदीपर्यंत उतरत गेलेली शेते, आणि विहिरीजवळ दोन खोल्यांचे एक घर. त्या दोन खोल्यांत आम्ही राहतो. आमचे आण्णा या मळ्याचे राखणदार आहेत. राखणदार म्हणजे पेरणीपासून काढणीपर्यंत सगळे करणारा, मोटार बिघडली तर रात्री विहिरीत उतरणारा आणि मालक यायचे असले म्हणजे बंगल्याची जाळी-जळमटे काढणारा माणूस. मालक पुण्याला असतात. माणूस भला आहे. माझ्या बारावीच्या निकालाच्या दिवशी त्यांनी पेढे आणि एक शब्दकोश पाठवला होता. तो अजून माझ्या अभ्यासाच्या फळीवर आहे.

आमच्या वर्गातल्या पुष्कळ जणांना वाई म्हणजे ढोल्या गणपती आणि घाट एवढेच ठाऊक असते. जवळ राहूनही मला त्याहून फारसे माहीत नव्हते. इतिहासाच्या तासाला सरांनी सांगितले तेव्हा मी मुद्दाम जाऊन पाहिले. गणपतराव भिकाजी रास्ते यांनी १७६२ साली ते मंदिर अगदी नदीच्या पात्रालगत बांधले. देवळाची मागची भिंत माशाच्या आकाराची आहे. पुराचे पाणी आले की ते त्या टोकावर दुभंगावे आणि दोन्ही अंगांनी निघून जावे, अशी योजना. अडीचशे वर्षांहून अधिक काळ नदी दर पावसाळ्यात त्या भिंतीवर येते आणि वाट बदलून पुढे जाते. नदीकाठी बांधायचे तर नदीला विचारून बांधावे, हे त्या गवंड्यांना कळत होते.

वाईपासून जवळच मेणवली. तिथे नाना फडणवीसांचा वाडा आणि त्यामागे अर्धचंद्राकृती घाट. घाटावर मेणेश्वराचे देऊळ आहे आणि तिथे एक मोठी घंटा टांगलेली आहे. १७३९ साली चिमाजी आप्पांनी वसई जिंकल्यावर पोर्तुगीजांकडून ज्या घंटा आल्या त्यांतली ती एक म्हणतात. हल्ली पाहुणे येतात ते या इतिहासासाठी कमी आणि सिनेमासाठी जास्त. 'स्वदेस' हा चित्रपट २००४ साली आला, त्यातले गाव म्हणजे हीच मेणवली. 'मृत्युदंड' (१९९७) आणि 'गंगाजल' (२००३) यांत तर वाईचा परिसर बिहार होऊन गेला. आमची कृष्णामाई परक्या प्रांताची नदी होऊन पडद्यावर वाहिली आणि आम्ही टाळ्या वाजवल्या!

नाना फडणवीस (१७४२-१८००) हे मूळचे दप्तराचे माणूस. हिशेब, पत्रे, नोंदी हे त्यांचे बळ. मेणवलीच्या वाड्यात सापडलेले त्यांचे कागद 'मेणवली दफ्तर' म्हणून अभ्यासकांना परिचित आहेत. वाडा पाहून परत येताना माझ्या मनात आले की, ज्यांनी लिहून ठेवले ते राहिले. घाटाचे दगड ज्यांनी डोक्यावरून वाहिले, त्यांच्यातला एकही जण आपल्याला नावाने माहीत नाही. तेव्हा हा विचार मी फार वेळ धरून ठेवला नाही. तो पुन्हा आठवण्याचा प्रसंग या वर्षी आला.

दिवाळीनंतर मालक आले. बरोबर जमिनीच्या व्यवहारातला एजंट होता. मालकांची मुलगी परदेशात, त्यांचे स्वतःचे गुडघे दुखतात, पुण्याहून ये-जा होत नाही. त्यांनी आण्णांना ओट्यावर बसवून सगळे सांगितले. आण्णा उकिडवे बसून ऐकत होते. शेवटी म्हणाले, "मालक, तुमची चीज हाय. इकायची तर इका. आमी काय म्हननार?" मग मालक माझ्याकडे वळले. "तू मराठी घेऊन बी. ए. करतेस ना? मग जाहिरातीच्या चार ओळी लिहून दे बघू. या गृहस्थांचं मराठी मला वाचवत नाही." आणि आण्णांना म्हणाले, "काळजी करू नकोस. सौदा झाला की तुमचं बघू."

एजंटाने लिहून आणलेला मजकूर असा होता : 'ऐतिहासिक वाई नगरीजवळ, पवित्र कृष्णा नदीच्या तीरावर, निसर्गाच्या कुशीत, फार्महाऊस व बागायत शेतीसह स्वप्नवत मालमत्ता. निर्वेध मालकीहक्क. त्वरा करा.' व्याकरणात चूक नव्हती. पण मी तो कागद दोनदा वाचला आणि मला ती जागा कुठे दिसेना. जन्मल्यापासून मी तिथे राहते, तरी त्या वर्णनावरून मला तिथे जाता आले नसते.

त्या रात्री मी आण्णांना आणि आजीला घेऊन बसले. म्हटले, मळ्याचे वर्णन करायचे आहे, सांगा. आजी हसली. "वर्नान कसलं करतीस? मळा हाय त्यो." पण एकदा बोलायला लागल्यावर दोघे थांबेनात. सातबाऱ्यावर या जमिनीला एक गट नंबर आहे आणि क्षेत्र लिहिले आहे २ हेक्टर ६१ आर. आमच्या घरात मात्र तिचे सात तुकडे आहेत आणि सातांना सात नावे. नदीलगतची ती मळई. तिथे पुराचा गाळ बसतो, माती लोण्यासारखी, पण पावसाळ्यात भरवसा नाही. तिच्या वर थोरली पट्टी. मग उंबराचा तुकडा, चिंचेखालचा तुकडा, चिकणीचे शेत, पाणंदीकडची पट्टी. आणि विहिरीजवळ म्हातारीचा वाफा. ही म्हातारी कोण ते आजीलासुद्धा ठाऊक नाही. ती सासरी आली तेव्हाही त्याचे नाव तेच होते.

चिकणीच्या शेतात पाणी साचते म्हणून तिथे हळद लावायची नाही. हळद थोरल्या पट्टीत. हळदीचे आमच्या भागात मोठे प्रस्थ. वैशाख-ज्येष्ठात लावायची, नऊ महिने राखायची, पाला वाळला की काढायची. मग हळकुंडे वेगळी, गड्डे वेगळे, काहिलीत शिजवायची, उन्हात घालायची. काढणीच्या दिवसांत आईचे हात कोपरापर्यंत पिवळे असतात. शाळेत असताना माझ्या वह्यांच्या कोपऱ्यांनाही तो रंग लागायचा. यातले काय जाहिरातीत घालायचे?

पाण्याचेही असेच. पूर्वी उन्हाळ्यात नदी आटून डोहांपुरती उरायची असे आजी सांगते. वर धोमचे धरण झाले, तेव्हापासून खालच्या पात्रात उन्हाळ्यातही पाणी दिसते. आज ज्याला 'नदीकाठची मालमत्ता' म्हणून भाव येतो, त्या भावात धरणाखाली ज्यांची शेते आणि घरे बुडाली त्यांचाही वाटा आहे. आजीच्या माहेरची काही माणसे अशी उठून गेली. एका गावाची जमीन पाण्यात गेली म्हणून दुसऱ्या गावच्या जमिनीला पाणी आले, हे आजी अगदी साध्या आवाजात सांगते.

आता 'निर्वेध मालकीहक्क' या शब्दांविषयी. मी विचारले, "आण्णा, आपण इथं कधीपासून आहोत?" आण्णा काही बोलले नाहीत. आजी उठली आणि तिने पत्र्याच्या पेटीतून कागदांचे एक पुडके काढले. ते पुडके मी लहानपणापासून पाहत होते. नागपंचमीला पेटी झाडताना ते बाहेर निघायचे आणि तसेच परत आत जायचे. आमच्या घरात ते वाचू शकणारे कुणी नव्हते. आजीला अक्षरओळख नाही, आण्णा चौथीतून उठले, आई सातवीपर्यंत शिकली. पण जुने हस्ताक्षर तिला लागत नाही. मलाही पुरी रात्र लागली.

त्यात खंडाच्या पावत्या होत्या. खाली माझ्या पणजोबांचा अंगठा. म्हणजे आम्ही या मळ्याचे राखणदार नव्हतो, कूळ होतो. मळा तेव्हा एका विधवा बाईंच्या नावावर होता. आजी त्यांना बाईसाहेब म्हणते. बंगला आणि आमराई त्यांच्या वहिवाटीला, उरलेली पाच एकर पणजोबा खंडाने कसत.

मग मी महाविद्यालयाच्या ग्रंथालयातून कुळकायद्यावरचे पुस्तक घेतले आणि राज्यशास्त्राच्या सरांकडे दोन दिवस बसले. १९४८ च्या कुळकायद्यात १९५६ साली दुरुस्ती झाली आणि १ एप्रिल १९५७ हा 'कृषक दिन' ठरला. त्या दिवशी कसणारी कुळे कायद्याने जमिनीची खरेदीदार मानली गेली. 'कसेल त्याची जमीन' ही घोषणा महाराष्ट्रात हजारो घरांत त्या दिवशी खरी झाली. पण कायद्याने काही जमीनमालकांच्या बाबतीत हा दिवस पुढे ढकलला होता. विधवा, अज्ञान मुले, अपंग व्यक्ती आणि सैन्यात असलेले लोक यांची जमीन लगेच जाऊ नये म्हणून. विधवेच्या बाबतीत, तिचा हक्क संपल्यावर तिच्या वारसाला जमीन परत मागण्यासाठी एक वर्ष. आणि त्यानंतरच्या एका वर्षात कुळाने मालकाला आणि शेतजमीन न्यायाधिकरणाला लेखी कळवायचे की, मला ही जमीन विकत घ्यायची आहे. न कळवले तर कुळाचा तो हक्क बुडायचा.

बाईसाहेब १९७४ साली वारल्या. त्यांना मूल नव्हते. मळा त्यांच्या दिराच्या मुलाकडे, म्हणजे हल्लीच्या मालकांच्या वडिलांकडे गेला. पहिले वर्ष गेले, दुसरे गेले. पणजोबा नेहमीप्रमाणे पेरत होते. 'लेखी कळवायचे' असे काही असते हे त्यांना कुणी सांगितले नाही आणि कायदा ज्या भाषेत छापलेला होता ती भाषा त्यांना डोळ्यांनी दिसत होती, वाचता येत नव्हती. नव्या मालकांनी त्यांना उठवले नाही. "तुम्हाला कोण जा म्हणतंय?" असे ते म्हणाले, आणि खरोखरच कुणी 'जा' म्हणाले नाही. पुढे कधीतरी खंडाच्या पावत्या बंद झाल्या आणि सालाचा पगार सुरू झाला. फेरफारात कुळाचे नाव कमी झाले. माणसे तीच, बैल तेच, शेत तेच; कागद तेवढा बदलला.

हे सगळे मी वाचून दाखवले तेव्हा आण्णा बराच वेळ विडी न पेटवता हातात धरून बसले होते. आजी मात्र म्हणाली, "कागुद काय नांगुर धरतो व्हय?" या प्रश्नाला माझ्या पुस्तकात उत्तर नव्हते. नांगर आम्हीच धरला होता, हे खरेच. पण जमीन कागदामागून गेली.

मी कुणाला दोष देण्यासाठी हे लिहीत नाही. त्या कलमाचा मी पुष्कळ विचार केला. नवरा गेलेल्या, घराबाहेर न पडणाऱ्या बाईची जमीन तिच्या हयातीत कुणी हिरावून घेऊ नये, असे कायदा करणाऱ्यांना वाटले, यात काय चुकले? मी स्वतः मुलगी आहे. मला ते योग्यच वाटते. बाईसाहेबांना वाचता येत होते की नव्हते हे मला माहीत नाही, पण खंडाच्या पावतीवर त्यांची सही आहे आणि पणजोबांचा अंगठा. एका अबलेला दिलेले संरक्षण एका निरक्षराला महाग पडले. दोघांपैकी कुणीही दुसऱ्याचे वाईट चिंतले नव्हते. माझ्या मते म्हणूनच ही गोष्ट अधिक जड आहे. कुणावर तरी रागावता आले असते तर बरे वाटले असते.

जानेवारीपासून गिऱ्हाइके येऊ लागली. रविवारी मोटारी यायच्या. आई सगळ्यांना चहा करायची. बहुतेक माणसे चांगली होती. एका कुटुंबातली लहान मुले नदीत खडे टाकत दोन तास रमली. त्यांच्या आजींनी आईजवळ बसून हळद शिजवण्याची सगळी कृती विचारून घेतली. एका गृहस्थांनी मोबाइलवर आपला सातबारा दाखवला. शेतजमीन घ्यायची तर घेणारा शेतकरी असावा लागतो, असा आपल्याकडे कायदा आहे. त्यांच्या आजोबांच्या गावी त्यांच्या वाट्याला काही गुंठे आलेले होते. ते गाव त्यांनी पाहिले नव्हते असे ते स्वतःच हसत म्हणाले. तेव्हा ते शेतकरी. आमचे आण्णा तीस वर्षे नांगरामागे चालले, पण त्यांच्या नावाचा सातबारा नाही. कायद्याने शेतमजुरालाही जमीन घेता येते असे सरांनी सांगितले; मात्र कचेरीत पहिला प्रश्न सातबाऱ्याचाच येतो, आणि दुसरा प्रश्न पैशाचा.

आणखी एक गृहस्थ मळईत उभे राहून हाताने आखणी करू लागले. इथे पोहण्याचा तलाव, इथे नदीकडे तोंड करून काचेची बैठक. एजंट मान डोलावत होता. आण्णा मागे उभे होते. ते पुढे आले आणि म्हणाले, "सायेब, हितं नगा बांधू. एकवीस साली पानी त्या उंबरापतुर आलतं." त्या जुलैत, २०२१ साली, वाई तालुक्याच्या पश्चिमेला दरडी कोसळल्या होत्या. त्या रात्री आम्ही विहिरीवरचे घर सोडून बंगल्याच्या ओट्यावर बसून काढली होती. नदीकाठी जलसंपदा खाते पूररेषा आखते. पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी आणि शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल. आण्णांना या रेषांची नावे ठाऊक नाहीत. त्यांची रेषा म्हणजे तो उंबर. ते गृहस्थ विचारात पडले आणि परत आले नाहीत. एजंट आण्णांना म्हणाला, "तुम्हाला मधे बोलायचं काय कारण?" आण्णा म्हणाले, "पोरंबाळं हाईत त्येंची."

एवढ्या दोन वाक्यांत आमचे संकट होते. मळा विकला गेला तरच 'तुमचं बघू' हा मालकांचा शब्द खरा होण्याची आशा. मळा विकला गेला की आमचे घर हलणार हेही नक्की. जाहिरात चांगली लिहावी तर घर लवकर जाणार; वाईट लिहावी तर ज्यांनी मला शब्दकोश दिला त्यांचा विश्वास जाणार. आणि हे सगळे माहीत असूनही आण्णा उंबराचे बोलले. मग मला काय लिहायचे ते कळले.

मी लिहिले : 'वाई ते धोम रस्त्यावर, कृष्णेच्या काठी ६ एकर १८ गुंठे बागायत जमीन व कौलारू बंगला विकणे आहे. थोरली पट्टी हळदीस उत्तम. चिकणीच्या शेतात पाणी साचते. विहिरीला वैशाखातही पाणी असते. मळईत जुलै २०२१ मध्ये उंबराच्या झाडापर्यंत पूर आला होता. तिथे बांधकाम करू नये. या जमिनीवर एक कुटुंब चार पिढ्या राबत आहे, त्यांना विचारल्यास सर्व माहिती मिळेल.'

मालकांनी कागद वाचला. चष्मा काढून पुसला, पुन्हा वाचला. "अगं, जाहिरातीत असं लिहीत नाहीत," असे म्हणून ते हसले. मग म्हणाले, "थोरली पट्टी! आजीच्या तोंडी होतं हे. मी विसरलोच होतो." त्यांची ही आजी म्हणजे त्यांची चुलत आजी, आमच्या आजीच्या बाईसाहेब. एजंटाचाच मजकूर शेवटी छापून गेला. माझा कागद मात्र त्यांनी घडी करून खिशात ठेवला.

त्याच वेळी मी दुसरा कागद पुढे केला. तो आण्णांच्या नावाचा अर्ज होता. आम्ही १९५७ च्या आधीपासून या जमिनीवर आहोत. कायद्याने आमचा काही हक्क उरला असो वा नसो, सौदा होईल तेव्हा राहत्या घराची आणि परसाची जागा आमच्या नावे करून द्यावी, आणि ही गोष्ट व्यवहाराच्या कागदातच लिहिली जावी, एवढीच विनंती. तारीख घातली होती. खाली आण्णांनी सही केली. चौथीपर्यंत शिकलेली त्यांची सही. एकेक अक्षर नांगराच्या तासासारखे सरळ. त्याची एक प्रत मी माझ्याजवळ ठेवली आहे. मालक म्हणाले, "तोंडी सांगितलं असतं तरी चाललं असतं." मी म्हटले, "चाललं असतं, काका. पण आमच्याकडं तोंडी पुष्कळ आहे." ते काही वेळ पणजोबांच्या पावतीकडे पाहत राहिले. वकिलांना विचारतो म्हणाले. अजून उत्तर आलेले नाही.

पन्नास वर्षांपूर्वी जो कागद लिहायचा राहिला, त्याची भरपाई या अर्जाने होत नाही हे मला कळते. मुदत तेव्हाच गेली. तरी परीक्षेत पत्रलेखनाला पाच गुण असतात आणि आम्ही तो प्रश्न सोपा म्हणून शेवटी सोडवतो, हे आता मला विचित्र वाटते. वाईत विश्वकोशाचे कार्यालय आहे. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या देखरेखीखाली मराठीत सगळ्या जगाचे ज्ञान आणण्याचे काम तिथे सुरू झाले आणि १९७६ साली त्याचा पहिला खंड निघाला. साधारण त्याच सुमारास, काही कोसांवर, आमच्या पणजोबांची मुदत संपत होती. त्या खंडातले एक पानही त्यांना वाचता आले नसते. ज्ञान गावात आले, तरी ते प्रत्येक उंबरठा चढून आत यायला दोन-तीन पिढ्या जातात. आमच्या घरी ते माझ्याबरोबर आले. फार उशिरा आले असे म्हणून ते परत पाठवता येत नाही.

सध्या मी एका वहीत मळ्याची माहिती लिहीत आहे. सात तुकड्यांची नावे, कोणत्या तुकड्यात काय येते, विहिरीचे झरे कुठल्या अंगाला आहेत, पूर कोणत्या साली कुठवर आला, आमराईतला कुठला आंबा लोणच्याचा आणि कुठला अढीचा. आण्णा सांगतात, आजी दुरुस्त करते. जो कुणी हा मळा घेईल त्याला ती वही द्यायची आहे. आईला हे पटत नाही. "आपलं गेलं, आन् वर त्येला समदं शिकवायचं व्हय?" असे ती म्हणते. पण रोज संध्याकाळी भाकरी थापता थापता तीही एखादी गोष्ट सांगून जाते.

यंदाची हळद निघाली. सौदा अजून झालेला नाही. दोन गिऱ्हाइकांचे बोलणे चालू आहे. हळकुंडे शिजून वाळत पडली आहेत. आईने मात्र नेहमीप्रमाणे चांगले जाड गड्डे निवडून बेण्यासाठी बाजूला काढले आणि चिंचेच्या सावलीत ढीग करून त्यावर हळदीचा पाला पसरला. मी विचारले, "आई, लावायची कुठं?" ती म्हणाली, "ते मिरगाच्या आदी बगू. बेनं तर ठिवाय पायजे."